पुणे, मुंबई की कलकत्ता

ज्या वर्षी अमरावतीच्या रस्त्यांवर कापूस पायाखाली येऊ लागला, त्या वर्षी आमच्या घरात एक वाद निघाला आणि तो सगळा उन्हाळा पुरला. माझ्या दादानं गणित शिकायला पुण्याला जावं, मुंबईला जावं, की थेट कलकत्त्याचा रस्ता धरावा, असा तो वाद. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. लग्न होऊन गेलं होतं, सासर अकोल्याचं, पाठवणी तेवढी राहिली होती. म्हणजे त्या वर्षी आम्ही दोघंही घरातून जाणार होतो. मी कुठं जायचं ते केव्हाच ठरून गेलं होतं. दादाचं ठरायचं होतं.

बाबा सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर. त्यांच्या शाळेतून तोवर कोणी युनिव्हर्सिटीच्या वाटेला गेलेलं नव्हतं. दादा पहिला जाणार होता. एरवी आमच्यासारख्या घरानं असला विचारही केला नसता. पण तिकडं कुठं दूर गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली होती, त्यांचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि सगळ्या जगाला एकदम वऱ्हाड आठवलं होतं. गावाभोवतीच्या परकोटाच्या दरवाजाबाहेर कापसाच्या गाड्या दुपारपर्यंत आत शिरायची वाट पाहत उभ्या असायच्या. हवेत सतत तंतू. आई दुधावरचं झाकण काढायची नाही. वलगावला माझ्या मामांची काळी जमीन होती. तिच्यात त्यांनी ज्वारीची पट्टीसुद्धा मोडून कपाशी लावली होती. मामाच बाबांना म्हणाले, पाठवा भाच्याले शिकायले, माझ्याकडून होईन ते मी करतो, आज कापूस आहे, उद्याचं कोणं पाह्यलं.

दादाला गणित यायचं, पण त्याची एक रीत होती. बोलून दाखवल्याशिवाय त्याला ते पक्कं व्हायचं नाही. बाबा शाळेत, आई कामात, ऐकायला मी. मी ओसरीवर देवाच्या वाती वळत बसायची आणि तो समोर धूळपाटीवर बोटानं त्रिकोण काढून सांगायचा: ही बाजू हिच्याएवढी, हा कोन त्याच्याएवढा, म्हणून हे असं. पहिलं वर्षभर मी नुसतं हूं हूं करत असे. मग कधी कोण जाणे, हूं करायच्या आधी मी थांबायला लागले. एकदा म्हटलं, "दादा, हे इथं तू गृहीत धरलंस. हे अजून आलंच नाही." त्यानं पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, हसला आणि सगळं पुसून पहिल्यापासून काढलं. त्यानंतर तो मला सांगेनासा झाला, विचारायला लागला.

बाबांना हे दिसत होतं. कर म्हणाले नाहीत, करू नको म्हणाले नाहीत. आई मात्र अधूनमधून म्हणायची की अकोल्याले हे काही कामी येणार नाही, त्यापेक्षा पुरण वाटायले शीक.

तर तो वाद. आईच्या मनात पुणं. तिचा मावसभाऊ तिथं राहत होता, त्याच्या घरी दोन वेळचं सोवळ्यातलं जेवण मिळालं असतं. बाबांना पुण्याची धास्ती होती. ते तरुणपणी मास्तरकीच्या शिक्षणासाठी तिथं राहून आले होते. वर्गात उठून 'मले' म्हटलं की सगळा वर्ग हसायचा, आणि हसण्याच्या भीतीनं येत असलेलं उत्तरही ते गिळून बसायचे. कलकत्त्याच्या युनिव्हर्सिटीची परीक्षा द्यायची तर आधी नागपूरला पादऱ्यांच्या शाळेत राहावं लागणार होतं, आणि शेजारच्या शास्त्रीबुवांनी आईच्या मनात भरवून दिलं होतं की तिथं गेलेलं पोर अंगावर जानवं ठेवून परत येत नाही. मुंबईला आमच्यापैकी कोणी गेलेलंच नव्हतं. तिथं समुद्र आहे आणि प्यायचं पाणी विकत घ्यावं लागतं, एवढं आईला ऐकून माहीत होतं.

शाळाखात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं. साहेब भला माणूस. त्यानं मत काही दिलं नाही, पण पुढं महिन्याभरानं तीन छापील कागद पाठवून दिले. एक पुण्याच्या कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा, एक मुंबईच्या कॉलेजातल्या तसल्याच परीक्षेचा, आणि तिसरा कलकत्त्याचा. तिन्ही जुने, तिन्ही गणिताचे. बाबांना ते फार पटलं. आईला त्यांनी सांगितलं की कुठं शिकावं ते जेवणाखाण्यावरून ठरवू नये, तिथले लोक काय विचारतात त्यावरून ठरवावं. दादानं तिन्ही कागद सोडवायचे आणि मग निर्णय घ्यायचा असं ठरलं.

कागद इंग्रजीत होते. दादा एकेक प्रश्न आधी स्वतः वाचायचा आणि मग मला मराठीत सांगायचा. पुण्याचा कागद सरळ होता. हिशेब लांबलचक, पण वाट ठरलेली. त्यानं तो पूर्ण सोडवला आणि जरा खट्टू होऊन म्हणाला की हे तर मले येतेच. कलकत्त्याच्या कागदात पुस्तकातल्या सिद्धता जशाच्या तशा मागितल्या होत्या. पाठ असेल त्याचं काम. तोही झाला. मुंबईच्या कागदात प्रश्न थोडे होते आणि शेवटचा एक असा होता की तो दादाला सुटला नाही, बाबांनाही सुटला नाही.

प्रश्न दिसायला अगदी साधा. एक सरळ रेघ आहे. तिच्या एकाच बाजूला दोन ठिकाणं आहेत. पहिल्या ठिकाणाहून निघून रेघेला शिवायचं आणि मग दुसऱ्या ठिकाणी पोचायचं. रेघेला कुठं शिवलं म्हणजे वाट सगळ्यांत कमी पडेल? दादानं रेघेवर कितीतरी बिंदू घेऊन पाहिले. मोजून कळत होतं की कुठंतरी मधे आहे, पण कुठं, आणि तिथंच का, ते सापडेना. त्याचं जेवण कमी झालं. आई मुंबईवर आणखीच चिडली.

अशातच वलगावला मामांकडं कुळधर्म निघाला म्हणून आम्ही सगळे गेलो. मी मामीबरोबर पेढी नदीवर धुणं घेऊन गेले होते. उन्हाळ्यात नदी आटून एक डोह तेवढा उरला होता. पलीकडच्या काठावर बाभळीचं झाड, आणि त्याचा शेंडा पाण्यात उलटा. मी लुगडं पिळता पिळता त्या उलट्या शेंड्याकडं बघत होते. माझी नजर पाण्यावर पडत होती आणि तिथून वळून वर झाडाकडं जात होती. पण मला तर ती सरळ जाताना दिसत होती, पाण्याच्या खाली असलेल्या झाडाकडं. तेवढ्यात मला कळलं. रेघ म्हणजे पाणी. दुसरं ठिकाण उचलून रेघेच्या पलीकडं, तेवढ्याच अंतरावर ठेवायचं आणि पहिल्यापासून तिथवर सरळ रेघ ओढायची. ती जिथं पाण्याला कापेल तीच जागा.

मी धुणं तसंच टाकून पळत सुटले. मामी मागून हाका मारत राहिली. दादा मामांच्या अंगणात बाजेवर पडला होता. मी ओल्या हातानं जमिनीवर काढून दाखवलं. तो उठून बसला. मग हळूच, माझ्या पायाखालची रेघ पुसू नये अशा बेतानं वाकला आणि म्हणाला की दुसरा कुठलाही बिंदू घेतला तर त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्याच असतात. तेवढं शेवटचं पाऊल त्याचं होतं. मग त्यानं बाबांना बोलावलं आणि सांगितलं, "बाईनं सोडवलं." घरात मला सगळे बाईच म्हणायचे.

बाबांनी मला सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. मी सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे. मग उपरण्यानं चष्मा पुसला, घातला, काढून परत पुसला. मामा हसून म्हणाले की भाचीलेही पाठवा मग मुंबईले. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पुढं माझ्या लेकरांच्या जन्मालाही झाला नाही. असं बोललं की लोक नावं ठेवतात, पण आता या वयात खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी दादानं बाबांपुढं सांगून टाकलं. "मले मुंबईले जायचं आहे."

"काहून?" बाबांनी विचारलं.

"तिथं असे प्रश्न विचारतात."

"पण तो तुले सुटला नाही."

"म्हणूनच," दादा म्हणाला.

बाबांना ते उत्तर आवडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आई पुण्यासाठी दोन दिवस रडली आणि मग दादासाठी मेतकूट करायला लागली.

दादा परीक्षेपुरता मुंबईला जाऊन आला, पास झाल्याचं कळलं, कॉलेजात नाव लागलं. त्याच सुमारास माझ्या पाठवणीचा मुहूर्त निघाला. दोन वेळा गाडी कशाला करायची म्हणून बाबांनी दोघांना बरोबरच काढलं. आगगाडी तेव्हा खानदेशापर्यंतच आलेली होती, तिथवर बैलगाडी. कापूस घेऊन खामगावकडं जाणाऱ्या गाड्यांच्या तांड्यात आमची एक छकडी. पुढं-मागं सगळं पांढरं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकच आवाज. मी नवं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन बसले होते आणि दादा मला बीजगणितातलं काही नवं सांगत होता. बाबा झोपल्यासारखे डोळे मिटून बसले होते. मूर्तिजापूर मागं पडलं तरी दादा सांगतच होता. मी पदराआडून विचारत होते.

तेव्हाच त्यानं मला शब्द दिला. "तिथं जे शिकवतीन ते सगळं मी तुले लिहीन. मी मुंबईले बसून शिकतो, तू अकोल्याले बसून शीक."

अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी गाडी थांबली. सासरची माणसं घ्यायला आली होती. मी उतरले, बाबा उतरले. दादा उतरला नाही, तांडा चुकला असता. मी नमस्कार केला तेव्हा त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत सरकून बसला. गाड्या पुढं गेल्या. सासूबाईंनी माझ्या हातात ओवाळणीचं ताट दिलं आणि मला घराकडं वळवलं.

सासर वाईट नव्हतं. सासरे भिक्षुकी करायचे, घरचे, म्हणजे माझे यजमान, कचेरीत कारकून होते. अबोल माणूस, पण जाच नाही. दादाचं पहिलं पत्र आलं ते त्यांनी आधी स्वतः वाचलं, तशी रीतच होती, आणि मला देताना म्हणाले की यात खुशाली कमी अन् रेघोट्याच जास्त आहेत. त्या रेघोट्या कसल्या ते मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पगडी घातली आणि कचेरीत गेले. त्यानंतरची पत्रं त्यांनी न वाचताच माझ्याकडं दिली. मला तो त्यांचा मोठेपणा वाटत आला आहे.

सैंपाकघरात धान्याच्या कणगीच्या मागची भिंत कोणाच्या दृष्टीस पडायची नाही. चुलीतला कोळसा घेऊन मी तिथं दादाची गणितं सोडवायची आणि सारवणाच्या दिवशी पोतेरं फिरवून पुसून टाकायची. सासूबाईंना ठाऊक होतं असं मला वाटतं. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, कोळसा हाताला लागतो, कणकेत उतरेल, हात धूत जा.

चार-पाच पत्रं अशी आली, भरलेली. एकात दादानं लिहिलं होतं की गणिताचे साहेब विलायतेतल्या परीक्षेत पहिल्या रांगेत आलेले आहेत, पण मन मोकळं, न समजलं तर परत सांगतात. पुढं पत्रं आखडत गेली. त्यांत समुद्र आला, आगबोटी आल्या. सगळं शहर कापसानं वेडं झालंय, कॉलेजातली मुलंही भावाचंच बोलतात, असं आलं. गणित येईनासं झालं. मग पत्रच येईना. मी काळजी केली नाही. मला वाटलं, आता तो अशा ठिकाणी पोचला असेल की पत्रात लिहून मला कळायचं नाही. तो माझ्या पलीकडं गेला, असं मी मनाशी म्हणायची, आणि त्यात मला सुखच होतं. त्या सुखावर मी जवळपास एक वर्ष काढलं.

एका सकाळी तो दारात उभा राहिला. अंगात कोट, पायात बूट, डोक्यावरची शेंडी कमी झालेली. सासूबाईंनी गूळपाणी दिलं. मला वाटलं सुट्टी आहे. मी विचारलं, परत कधी जाणार? तो म्हणाला, जेवण झाल्यावर बोलू.

जेवताना त्यानं सासऱ्यांना सांगितलं की अकोल्यात एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या कापूस कंपनीत त्याला इंग्रजी पत्रव्यवहाराची नोकरी लागली आहे. सासऱ्यांनी कौतुक केलं. तेव्हा अकोल्यात इंग्रजी लिहिणारं माणूस मिळत नव्हतं, आणि कंपन्या तर नदीकाठी तंबू ठोकल्यासारख्या उगवत होत्या. मी वाढत होते. हातातली पळी खाली ठेवल्याचं मला आठवत नाही, पण भात कोणीतरी दुसऱ्यानं वाढला हे आठवतं.

दुपारी घर निजलं. मागच्या दारी कडुनिंबाखाली मी भांडी घासत होते, तो पायरीवर येऊन बसला. मी विचारायच्या आधीच सांगायला लागला. पहिलं वर्ष कसंबसं निभलं. मग कळायला लागलं की बरोबरची काही मुलं, कोकणातली, गुजराथेतली, पारशी, प्रश्न पाहतात आणि त्यांना नुसतं दिसतं. त्याला दिसत नसे. साहेब फळ्यापाशी बोलवायचे, तो हातात खडू घेऊन उभा राहायचा, मागं सगळा वर्ग, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. खोलीवर आल्यावर तो भिंतीला सांगून पाहायचा. शेवटी परीक्षेत नापास झाला. आणि इंग्रजीत नाही, संस्कृतात नाही, गणितातच.

"मले कोणाले तरी सांगावं लागते, बाई," तो म्हणाला. "सांगता सांगता समजते. तिथं ऐकायले कोणी नव्हतं."

मी म्हटलं, एकदा नापास झालं म्हणून काय, परत बसता येतं. त्यानं मान हलवली. नंतर जे बोलला ते रागानं नाही, मला दुखवायला नाही, एखाद्यानं वाट चुकल्याचं सांगावं तसं बोलला.

"ते मुंबईचं गणित तू सोडवलं होतंस. अन् मुंबईले मी गेलो."

मी राख लागलेल्या हातानं तशीच बसून राहिले. काहीतरी मायेचं बोलावं हे कळत होतं. त्याच्या जवळ जावं, पाठीवरून हात फिरवावा. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "मंग तिथं पुढं काय शिकवत होते?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. तसं त्यानं मला आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"मले काही आठवत नाही," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

बाबांना त्यानं कळवलं नव्हतं. माझ्या घरच्यांनी कळवलं. बाबा आले ते आमच्याकडं न येता आधी कंपनीच्या आवारात गेले. घरचे बरोबर होते, त्यांनीच मला सगळं सांगितलं. गठ्ठ्यांच्या थप्पीपाशी उभं राहून बाबांनी दादाला विचारलं की पुण्याला जातोस का. पुण्याचा कागद तुले पूर्ण सुटला होता, अजून जाता येईन, हसले तर हसू दे, मी हसू सोसलं, तूही सोसशील. दादा नाही म्हणाला. बाबांनी परत विचारलं. तो परत नाही म्हणाला आणि तराजूवाल्यानं हाक मारली म्हणून गेला. बाबा तिथंच थोडा वेळ उभे होते, त्यांच्या अंगावर सगळा कापूस बसला होता.

मग ते आमच्याकडं आले. मी पाणी दिलं. ते ओसरीवर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, माझंच चुकलं. गावच पाहून ठरवायले पाहिजे होतं. मी प्रश्न पाहत बसलो."

मी म्हटलं, "नाही बाबा. प्रश्न चांगला होता."

त्यांनी मान हलवली. जाताना त्यांनी माझ्या सासूबाईंना हात जोडले आणि उन्हातच निघाले. पुढं ते शाळेत शिकवत राहिले, पण त्यांच्या शाळेतला दुसरा मुलगा युनिव्हर्सिटीला जायला निघाला तेव्हा त्याच्या बापाला त्यांनी काहीच सल्ला दिला नाही. मला काय कळतं, म्हणाले. आई सांगायची की अकोल्याहून परतले त्या रात्रीच त्यांनी धूळपाटी माळ्यावर टाकली.

दादाची नोकरीही टिकली नाही. तिकडची लढाई संपली आणि भाव कोसळले. जे व्यापारी गावातल्या देवळांना घंटा देत होते ते एकेक करून दिसेनासे झाले. दादाचा गोरा साहेब एका आठवड्यात सामान बांधून गेला. गोदामाला कुलूप, आवारात कुत्री. वलगावला मामांनी कपाशी मोडून पुन्हा ज्वारी पेरली. दादाला पुढं सरकारी मराठी शाळेत जागा मिळाली, दर्यापुराकडच्या एका खेड्यात. तो मुलांना मोडी शिकवायचा, वाचन घ्यायचा, भूगोल घ्यायचा. गणित त्यानं हाताखालच्या मास्तराकडं दिलं होतं. त्याचं लग्न झालं. वहिनी मायाळू होती. ती मला एकदा म्हणाली की हे इतके शिकलेले, पण घरचा दूधवाल्याचा हिशेबही मलाच करायला लावतात, असं कसं? मी म्हटलं, पुरुषांचं असंच असतं.

आगगाडी अकोल्याला पोचली तेव्हा सगळं गाव ती पाहायला लोटलं. दादा नेमका आमच्याकडं आलेला होता. घरचे कचेरीत अडकलेले, म्हणून सासूबाईंनी मला त्याच्याबरोबर जाऊ दिलं. माझी पहिली मुलगी तेव्हा मांडीवरची. बायका रुळांवर हळदकुंकू वाहत होत्या, कोणी नारळ फोडत होतं. एंजिन आलं तशी माणसं मागं पळाली आणि परत पुढं आली. दादानं माझ्या मुलीला खांद्यावर घेतलं होतं. गाडी मुंबईकडं जाणारी होती. डब्यांतून माणसं बाहेर बघत होती, त्यांत दोन-तीन पोरसवदा मुलं, काखेत पुस्तकांचं गाठोडं. एक तर हसत होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, अजूनही जाता येते. आता तं बैलगाडीही नाही लागत."

तो गाडीकडंच बघत होता. त्यानं विचारलं, "तू येतं का संगं?"

थट्टा नव्हती त्यात. गर्दीत कोणी ऐकलं नाही. शिट्टी झाली, मुलगी दचकून रडायला लागली आणि मी तिला त्याच्या खांद्यावरून घेतलं. गाडी सुटली. धूर खाली आला. आम्ही दोघं इतर लोकांसारखेच डोळे चोळत परत निघालो, आणि घराजवळ आल्यावर तो म्हणाला की सासूबाईंना सांग, गाडी फार मोठी होती.

त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा बोललो नाही. भाऊबीजेला तो यायचा, न चुकता. मुलांसाठी बत्तासे आणायचा, पावसापाण्याचं बोलायचा, जेवून झालं की पायरीवर बसायचा. मी ओवाळायची. एका वर्षी तो आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी गडी निरोप घेऊन आला. तापानं गेला होता. सगळं होऊन गेलं होतं तेव्हा मला कळलं.

लेकीला माहेरचं सुतक फार दिवसांचं नसतं. तेवढे दिवस मला बाजूला बसवलं, कशाला शिवायचं नाही, कसलं काम करायचं नाही. लग्नानंतर इतका रिकामा वेळ मला क्वचितच मिळाला होता. मुलं दारातून डोकावून जायची. सासूबाई लांबून पान वाढायच्या आणि डोळ्याला पदर लावायच्या. मी भिंतीला टेकून बसून असायची, पण तिच्यावर एक रेघही ओढत नसे. मग सुतक फिटलं. मी न्हाले, केस विंचरले आणि चुलीपाशी गेले.